विश्वासाने प्रार्थना करायची म्हणजे नक्की काय करायचं?

आमच्या घरगुती प्रार्थना सभेत गेल्या वर्षी एक नवीन मुलगी यायला लागली, पहिल्या दिवशी सगळे डोळे मिटून बसले तर ती डोळे उघडे ठेवून एकेकाकडे बघत होती, आणि नंतर चहा घेताना हळूच माझ्याजवळ येऊन विचारते, ताई, डोळे मिटल्यावर तुम्ही सगळे नक्की करता काय? मला तो प्रश्न फार मनापासून आवडला. मी जन्मल्यापासून चर्चमध्ये आहे, संडे स्कूल झालं, तरुण संघ झाला, आता महिला मंडळ, पण हे मला कधी कुणी बसवून शिकवलंच नव्हतं, फक्त "प्रार्थना कर" एवढंच सांगितलेलं. आणि शिष्यांनी पण येशूला हेच विचारलंय की, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय उघडून बघा, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने त्याच्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हालाही शिकव म्हणाले. रोज त्याच्यासोबत राहणाऱ्यांना शिकावं लागलं तर आपल्याला विचारायला लाज कसली.

तर त्या मुलीला मी त्या दिवशी जे अर्धवट सांगितलं आणि नंतर वर्षभर थोडं थोडं सांगत राहिले ते इथे एका जागी लिहितेय. मी पाळक नाही, बायबल कॉलेजात शिकलेली नाही, नगरकडची आहे, आता पिंपरीत राहते, नोकरी आणि घर करून जेवढं जमतं तेवढं. पण हे मी करून बघितलेलं आहे आणि मोडून पडल्यावरही यातलंच काहीतरी हाताशी आलंय.

आधी कशासाठी ते

येशूने सरळ सांगितलंय की तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत असते (मत्तय ६). मग सांगायचं कशाला? मला हे असं समजलं, की मला ताप आलाय हे माझ्या नवऱ्याला हात लावल्यावर कळतंच, तरी मी दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाही तर घरात काहीतरी बिनसलंय हे पण त्याला कळतं. बातमी पोचवणं हा मुद्दाच नाहीये. प्रार्थना म्हणजे पित्याशी असलेलं नातं चालू ठेवणं, त्याच्यासमोर खरं बोलणं आणि तिथून उठून न जाणं.

काही लोक म्हणतात की प्रार्थनेने परिस्थिती बदलत नाही, फक्त आपण बदलतो. मला हे अर्धंच पटतं. आपण बदलतो हे खरं, पण येशूने मागायला पण शिकवलंय, अगदी भाकर मागायला शिकवलंय, अर्ध्या रात्री शेजारच्याचं दार वाजवून तीन भाकरी उसन्या मागणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितलीय, त्या न्याय न करणाऱ्या न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेची गोष्ट सांगितलीय. त्यामुळे मागायचं, स्पष्ट मागायचं. देव एवढा मोठा आहे त्याला माझ्या सिलिंडरचं काय सांगू असं वाटून घ्यायचं नाही.

आणि विश्वासाने म्हणजे काय, तर इथे खूप गोंधळ आहे आणि त्या गोंधळाने माणसं जखमी होतात, त्याबद्दल पुढे लिहितेच. आत्ता एवढंच, की आपल्याला हवं ते मिळणारच अशी मनाची खात्री जोर लावून तयार करणं म्हणजे विश्वास नाही. आपण कुणाशी बोलतोय ते ओळखून बोलणं हा विश्वास. मार्क ९ मध्ये तो आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाक, म्हणजे एकाच दमात दोन्ही, आणि येशू त्याला आधी विश्वास वाढवून ये असं म्हणून परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो.

जागा आणि वेळ

"आपल्या खोलीत जा, दार लावून घे." येशूचं हे वाक्य ऐकून वन रूम किचनमध्ये पाच जण राहणारी माणसं खट्टू होतात, कुठली खोली आणि कुठलं दार. पण मत्तयाने तिथे जो ग्रीक शब्द वापरलाय ना त्याचा अर्थ कोठीची खोली असा होतो, धान्य आणि सामान ठेवायची, साध्या घरात दार लागणारी तेवढीच एक जागा असायची. हे कळल्यापासून मी स्वैपाकघरात बसते, गॅसच्या टाकीशेजारी एक स्टूल आहे तिथे, पाच वीसला, दूधवाला यायच्या आधी. माझी आजी तर भर माणसात पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची आणि तोंड झाकून दोन मिनिटं बसायची, तीच तिची खोली, आणि आम्हा पोरांना माहीत होतं की आता आजीशी बोलायचं नाही. लोकांना दाखवायला नको एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे, चौरस फुटांचा प्रश्न नाही.

वेळ ठरवा मात्र. जमेल तेव्हा करू म्हणलं की होत नाही, माझा अनुभव. बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा करायचा, यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी, आणि पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनाही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलेलं होतं. आपण एका वेळेपासून सुरू करू. दहा मिनिटं. पहिल्याच आठवड्यात तासभर बसायचा निश्चय करू नका, चौथ्या दिवशी मोडतो आणि मग मनाला लागतं. नाइट शिफ्टवाल्यांनी सकाळचा हट्ट धरू नये, घरी आल्यावर बूट काढून झोपायच्या आधी बसा, स्तोत्र १३० मध्ये पहाटेची वाट बघणारा पहारेकरी आहे तो तुमचाच माणूस आहे. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी पाजताना करा.

गुडघे टेकायचे का, हे फार विचारतात. टेकता येत असतील तर टेका, शरीर वाकलं की मन पण थोडं वाकतं. पण बायबलमध्ये उभे राहून करणारे आहेत, पालथे पडून करणारे आहेत, आणि हन्ना तर नुसते ओठ हलवत होती आवाज नाही, एली याजकाला वाटलं ही पिऊन आलीय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी खुर्चीवर बसावं, देवाला चालतं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबल ॲप वापरायचं असेल तर आधी नेट बंद करा. यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहितीय.

मग बोलायचं काय

येशूने शिष्यांना जी प्रार्थना दिली ती आपण चर्चमध्ये अर्ध्या मिनिटात म्हणून टाकतो. तीच घ्या आणि दहा मिनिटं लावा. एकेक ओळ म्हणायची, थांबायचं, आणि त्या ओळीत आपलं आजचं घालायचं. मला यापेक्षा चांगली पद्धत अजून सापडलेली नाही.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." आमच्या. या अख्ख्या प्रार्थनेत माझा, मला असा शब्द एकदाही येत नाही, बघा तपासून. म्हणजे एकटे बसलात तरी एकटे नाही. आणि पित्या म्हणताना ज्यांचे स्वतःचे वडील दारू पिऊन मारायचे त्यांना हा शब्द जड जातो, माझ्या एका मैत्रिणीला जायचा, ती बरीच वर्षं फक्त "प्रभू" म्हणायची आणि मला वाटतं ते योग्यच होतं. आणि एक, आपल्या मराठी भाषांतरात देवाला तू म्हणलंय, तुम्ही नाही. आईला जसं अगं आई म्हणतो तसं. तेव्हा आपल्या घरच्या बोलीत बोला, चर्चच्या माइकवरच्या मराठीत बोलायची गरज नाही, "हे परमकृपाळू परमेश्वरा" असं आयुष्यात एरवी कधी बोलत नसाल तर तिथेच कशाला. वसईची माणसं सामवेदीत बोलतात देवाशी, आमच्या गावाकडे म्हाताऱ्या "बापा आता तूच बघ" एवढंच म्हणतात आणि त्यात सगळं येतं. फादर स्टीफन्स इंग्लंडमधून गोव्यात आले आणि ४०० वर्षांपूर्वी, १६१६ साली, त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारं मराठी काव्य, छापून झालं ते ओव्यांमध्ये, कारण इथल्या माणसाच्या कानाला ओवी गोड लागते हे त्यांना कळलं होतं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, त्यांची भजनं आपण आजही गातो. तुमच्याकडे शब्द नसतील त्या दिवशी त्यातलं एखादं पाठ असलेलं भजन हळू आवाजात म्हणा, ती पण प्रार्थनाच.

"तुझे नाव पवित्र मानले जावो." इथे एक मिनिट काही मागायचं नाही. फक्त आभार, आणि तेही मोघम नको. सगळ्या आशीर्वादांबद्दल धन्यवाद असं एका झटक्यात म्हणलं की मनाला काही लागत नाही. काल सासूबाईंना रात्रभर झोप लागली त्याबद्दल, पोराने न सांगता पाणी भरून ठेवलं त्याबद्दल, असं.

"तुझे राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." ही ओळ मला सगळ्यात अवघड जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात बघाल तर येशूने शिष्यांना जे शिकवलं, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो", अगदी तेच शब्द पुढे पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत तो स्वतः म्हणतो, ग्रीकमध्ये शब्दन् शब्द तोच आहे. पण त्याच्या आधी काय म्हणतो ते सोडू नका, हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, माझ्यावरून टळून जाऊ दे असं म्हणतो, आणि एकदा म्हणून थांबत नाही, तीन वेळा जाऊन म्हणतो. म्हणजे आपली इच्छा गिळून टाकून लगेच गोड चेहऱ्याने "तुझी इच्छा" म्हणायचं असं नाहीये. आधी स्वतःला काय हवंय ते पूर्ण सांगायचं, रडून सांगायचं असेल तर रडून, आणि मग त्याच्या हातात द्यायचं. क्रम महत्त्वाचा आहे. काही जण पहिला भाग गाळतात आणि मग वर्षानुवर्षं आत राग साठत जातो.

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." भाषांतर करणाऱ्यांनी इथे भाकर शब्द ठेवला त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, नाचणीची असो ज्वारीची असो, ताटातली ओळखीची वस्तू. आजची मागायची, आज पुरती. रानात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवला तर त्यात किडे पडले. तेव्हा इथे आजची गरज सांगा, नाव घेऊन, आकडा असेल तर आकडा. या महिन्याचा हप्ता, उद्याचा दहावीचा गणिताचा पेपर, दुपारी येणारा रिपोर्ट. आमच्या नगर जिल्ह्यात जून कोरडा गेला की चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना होते आणि तिथे कुणी गोल गोल बोलत नाही, बाजरी जळायला लागलीय, पाणी दे, संपलं.

"जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." मत्तयाने ऋण हाच शब्द घातलाय, लूकने पापं म्हणलंय. ज्यांनी सावकार बघितलाय त्यांना ऋण सोडणं म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही, वहीत नाव आहे, रक्कम आहे, आणि त्यावर रेघ मारायची. इथे मी एक नाव घेते, एकच, ज्याच्याबद्दल मनात आहे. बऱ्याच वेळा तेच नाव महिनाभर घ्यावं लागतं. आधी आपलं पाप पण सांगायचं, तेही मोघम नको, "मी काल तिला टोचून बोलले" असं. आणि दुसऱ्याचं आपल्याविरुद्ध काही असेल तर येशूने अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी जाऊन समेट करायला सांगितलाय, म्हणजे कधीकधी प्रार्थना मध्येच थांबवून फोन लावणं हाच प्रार्थनेचा पुढचा भाग असतो.

पण इथे एक गोष्ट मला ठळक सांगायचीय. नवरा मारतो अशा बाईला "प्रार्थना कर, क्षमा कर, सहन कर" असं सांगून परत त्याच घरात पाठवलेलं मी बघितलंय आणि ते पाप आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ऋण सोडणं म्हणजे परत मार खायला जाणं नाही. तुमच्यावर हे चालू असेल तर आधी सुरक्षित जागी जा, ११२ ला किंवा महिलांच्या १८१ ला फोन करा, विश्वासातल्या माणसाला सांगा, प्रार्थना तिथून पण करता येते.

"आम्हांस परीक्षेत आणू नकोस, वाइटापासून सोडव." आज मी कुठे घसरणार आहे हे आपल्याला साधारण माहीत असतं. ते नाव घेऊन सांगा, ऑफिसमधली ती मीटिंग, रात्री अकरानंतरचा मोबाइल, बाटली, जीभ.

आणि आमेन. हिब्रू शब्द आहे, ज्या धातूपासून हिब्रूतला विश्वासासाठीचा शब्द येतो त्याच धातूतून आलेला, पक्कं, भरवशाचं असा त्यात भाव आहे. तेव्हा तो संपला एकदाचं अशा सुरात म्हणू नका, थांबून म्हणा.

शब्दच येत नसतील तर

तर दुसऱ्याचे घ्या. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात खूपशी तक्रारीची आहेत, हे आपल्याला चर्चमध्ये फारसं सांगत नाहीत. स्तोत्र १३ फक्त सहा ओवींचं आहे आणि सुरुवातीलाच चार वेळा विचारतं की किती वेळ, देवा, किती वेळ. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी काही उजेड वगैरे नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. म्हणजे देवाने असं बोलायची परवानगी आधीच देऊन ठेवलीय. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा, हळू, एका ओळीशी अडकलात तर तिथेच राहा, पुढे जायची सक्ती नाही. पश्चात्ताप वाटतोय तेव्हा ५१, आभार मानायचे तेव्हा १०३, प्रवासाला निघताना १२१, झोप येत नसेल तर ४.

दिवसभरासाठी एखादी छोटी ओळ धरा. निरंतर प्रार्थना करा असं प्रेषित पौल लिहितो ते चोवीस तास गुडघ्यावर बसून होणार नाही हे त्यालाही माहीत असणार, तो तंबू शिवून पोट भरायचा. इजिप्तच्या वाळवंटातले जुने संन्यासी स्तोत्र ७० ची पहिली ओळ, देवा, मला सोडवायला ये, एवढीच दिवसभर म्हणायचे, काम करताना, जेवताना, झोपताना. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" ही ओळ श्वासाबरोबर म्हणतात, अर्धी श्वास घेताना अर्धी सोडताना. मी ही लोकलमध्ये करते, चिंचवड ते शिवाजीनगर, उभं राहून, कुणाला कळत पण नाही. आणि बायबलमधला नहेम्या आठवा, तो पारसच्या राजाच्या चाकरीत होता, राजाने विचारलं तुला काय हवंय, आणि उत्तर द्यायच्या आधी त्या एका क्षणात त्याने देवाची प्रार्थना केली, एवढीशी. इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बसल्यावर तेवढा वेळ नक्की असतो.

मन भटकतं, सगळ्यांचं भटकतं. डाळ भिजवायची राहिली हे नेमकं तेव्हाच आठवतं. माझा उपाय हा, शेजारी कागद ठेवते, "डाळ" लिहिते आणि परत येते. आणि तेच तेच नाव किंवा तीच काळजी वारंवार मध्ये येत असेल तर ती हाकलू नका, बहुतेक प्रार्थना तिच्याबद्दलच करायची असते. कधी नुसतं कण्हणं निघतं, शब्द नाही. रोमकरांस ८ मध्ये पौल लिहितो की आपल्याला कशी प्रार्थना करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दात न येणाऱ्या कण्हण्याने. त्या दिवशी तेवढं पुरे.

उत्तर मिळत नाही तेव्हा

आता ते जे पुढे लिहीन म्हणाले होते ते. माझ्या आईला कॅन्सर झाला, अकरा महिने आजारी होती. आम्ही उपास प्रार्थना केल्या, चेन प्रेअर, म्हणजे एकामागून एकाने वेळ वाटून केलेली अखंड प्रार्थना, झाली, वडीलमंडळी येऊन तेल लावून प्रार्थना करून गेली, औषधपाणी सगळं चालूच होतं. आई गेली. आणि तिसऱ्या दिवशी घरी भेटायला आलेल्या एकाने माझ्या तोंडावर सांगितलं की तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला. मी त्यानंतर जवळजवळ वर्षभर प्रार्थना करू शकले नाही, चर्चला जायचे, डोळे मिटायचे, आत काहीच नाही.

त्या वाक्यावर मी नंतर खूप वाचलं आणि विचार केला, आणि आता ठाम सांगते की ते वाक्य चूक आहे. पौलाने त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे कसला तरी कायमचा त्रास, काढ म्हणून तीन वेळा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे, काटा तसाच राहिला. पौलाचा विश्वास कमी पडला म्हणाल? बागेत येशूने स्वतः मागितलेलं झालं नाही. तिथे विश्वास कमी होता म्हणायची कुणाची हिंमत आहे. कुणाच्या घरी दुःखात जाल तेव्हा असलं बोलू नका, तांदूळ घेऊन जा, भांडी घासून द्या, शेजारी बसा.

याकोबाने हे नक्की लिहिलंय की तुम्ही चुकीच्या हेतूने मागता म्हणून मिळत नाही, आणि ते स्वतःला विचारून बघावं, मी हे कशासाठी मागतेय, कुणाला खाली दाखवायला तर नाही. पण ते स्वतःला विचारायचं, दुसऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून त्याला नाही.

मला सावरायला संत ऑगस्टीन, पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेला, त्याची आई मोनिका, तिच्या गोष्टीने मदत केली. मुलगा भलत्या मार्गाला लागलेला, ती वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती. ३८३ साली तो कार्थेजहून रोमला निघाला, तिला वाटलं तिकडे गेला की हातातून गेलाच, म्हणून ती बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्रभर देवाला विनवत बसली की याला जाऊ देऊ नकोस. आणि तो तिला फसवून त्याच रात्री जहाजात बसून निघून गेला. सकाळी ती किनाऱ्यावर एकटी. पण तिकडे इटलीत, मिलान शहरात, त्याला बिशप ॲम्ब्रोज भेटले आणि ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तोपर्यंत ती पण तिथे जाऊन पोचली होती. त्या रात्रीची तिची मागणी नाकारली गेली आणि त्या मागणीच्या मागची मागणी दिली गेली. माझ्या आईच्या बाबतीत असं काही मला अजून दिसलेलं नाही, ते पण खरं सांगते, कदाचित इथे दिसणारच नाही. मी देवाला तसं सांगितलंय पण. तेव्हापासून परत बोलणं सुरू झालं.

दोन व्यावहारिक गोष्टी इथेच सांगते. औषध बंद करून प्रार्थना करायची नाही. पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले आणि तोच आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो, त्याच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता. कुणी गोळ्या फेकून दे, विश्वास ठेव म्हणालं तर त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा असो. आणि उपास, शुगर असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, वय झालेल्यांनी जेवणाचा करू नये, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसात मोबाइलचा, टीव्हीचा, तोडून बोलण्याचा करा. यशया ५८ मध्ये देव म्हणतो की मला आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या दोऱ्या सोडणं आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, वाचून बघा, अंगावर येतं.

दुसऱ्यांसाठी

एक साधी वही करा. डावीकडे तारीख आणि नाव, उजवी बाजू मोकळी. काही झालं की उजवीकडे लिहायचं, बरं झालं, नोकरी लागली, वारले, काही नाही अजून. मी रोज सगळी नावं घेत नाही, वार वाटून घेतलेत, सोमवारी माहेर, मंगळवारी ऑफिस, असं करत शनिवारी ज्यांच्याशी माझं पटत नाही ते. वर्षाने वही चाळली की जे दिसतं ते तुम्ही स्वतःच बघा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकताना त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नका. एका मुलीचं मोडलेलं लग्न "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणून एका ग्रुपवर आलं आणि दोन दिवसात सगळ्या मंडळीत झालं, ती पोर चर्चला यायची बंद झाली. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं, देवाला नाव माहितीय. आणि हात जोडलेला इमोजी टाकला तर त्याच मिनिटाला खरंच प्रार्थना करा, नाहीतर टाकू नका.

आणि प्रार्थना केलीत की हातपाय पण हलवा जिथे हलवता येतात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीपासून मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या आणि जूनच्या शेवटाला तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली, हे सगळे सांगतात. पण त्याच आवारात विहिरी खणल्या होत्या, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकवत होते, १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या होत्या, हे पण सांगायला पाहिजे. गुडघे आणि कुदळ दोन्ही तिथेच होतं. शेजारच्या आजोबांसाठी प्रार्थना करताय ना, मग येताना त्यांची बीपीची गोळी पण घेऊन या.

घरात सगळ्यांनी मिळून करायची असेल तर रात्री जेवणाआधी, पाच मिनिटं, लहान पोरांना एकेक वाक्य बोलू द्या, ती मांजरासाठी प्रार्थना करतील, करू द्या, सुधारू नका. घरातलं कुणी बसायला तयार नसेल तर ओढून बसवू नका.

शेवटचं, ज्यांना आत्ता प्रार्थना होतच नाहीये त्यांच्यासाठी. आई गेल्यानंतरच्या त्या वर्षात आमच्या चाळीतल्या एक मावशी होत्या, मी त्यांना सांगितलं की मावशी माझ्याच्याने होत नाही, त्या म्हणाल्या मग तू नको करू, मी करते तुझ्या वाटची, तू नुसती येऊन बस. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, त्या करायच्या, मी भाजी निवडायचे. मार्क २ मध्ये चार जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उकरून त्याला खाली सोडतात, आणि तिथे लिहिलंय की येशूने *त्यांचा* विश्वास बघितला. खाटेवरचा काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. तेव्हा तुम्हाला जमत नसेल तर एका माणसाला आजच मेसेज करा, मला होत नाहीये, माझ्या वाटची तू कर. आणि असा मेसेज तुम्हाला आला तर वहीत नाव लिहा, तारीख घाला, आणि कुठल्या वेळी करणार ते त्याला कळवा.